जुनें दप्तर आणि नवें यंत्र

दप्तर हा शब्द कानीं पडतांच धुळीनें भरलेले रुमाल, कसरीनें खाल्लेले कागद आणि चष्म्यावरून पाहणारा एखादा वृद्ध कारकून आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. गतकाळची ही अडगळ एकदां काढून टाकली कीं कारभार झपाट्यानें चालूं लागेल, अशी सुशिक्षितांची सर्वसाधारण समजूत असते. परंतु शेतकऱ्यास विचाराल, तर त्या दप्तरांतील एक ओळ म्हणजेच आपली जमीन होय, असें तो सांगेल. ती ओळ चुकली तर भाऊ भावाविरुद्ध कचेरीची पायरी चढतो, आणि एका कारकुनाच्या हातचुकीपायीं दोन पिढ्या वकिलांचीं घरें भरीत बसतात. आज बँका, सरकारी खातीं व मोठमोठ्या पेढ्या ह्या सर्वांपुढें जुनी संगणकयंत्रणा काढून नवी कशी बसवावी, हा प्रश्न उभा आहे. तज्ज्ञ मंडळी हा प्रश्न अगदीं नवा मानतात. आमच्या अहमदनगर जिल्ह्यानें (२०२४ पासून त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे) तो निदान चार शतकें निरनिराळ्या वेषांत पाहिला आहे.

१६०० सालीं नगरचा किल्ला मोगलांच्या हातीं पडला, तरी निजामशाहीचा कारभार मलिक अंबरानें १६२६ त त्याचा अंत होईपर्यंत नेटानें चालविला. रणांगणावरील पराक्रमाइतकीच त्याची कीर्ति जमीनमहसुलाच्या व्यवस्थेबद्दल राहिली आहे. वसुलाचे मक्ते देण्याची चाल त्यानें मोडली आणि जमिनीची प्रत पाहून धारा ठरविण्याचा परिपाठ घातला. पुढें पेशवाईंत ‘कमाल’ आकारणी झाली. परंतु जुन्या ‘तनख्या’चा आंकडा कोणीं पुसून टाकला नाहीं. नव्या राज्यकर्त्यानें आपला आंकडा जुन्या आंकड्याशेजारीं मांडला, इतकेंच. म्हणूनच पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन साहेबांनीं १८१९ सालीं जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यांत दोनशें वर्षांपूर्वींच्या मलिक अंबराचें नांव त्यांना घ्यावें लागलें.

नगरचे पहिले कलेक्टर कॅप्टन हेन्री पॉटिंजर हे होत. प्रारंभीं नव्या सरकारनें बहुतांशीं जुन्याच रीतीनें वसूल चालविला. त्यानंतर, १८२७ च्या पुढच्या काळांत, दख्खनची नवी पाहणी रॉबर्ट कीथ प्रिंगल ह्या मुलकी अधिकाऱ्याकडे आली. प्रिंगल हे इंग्लंडांतील हेलिबरी कॉलेजांत शिकलेले. रिकार्डोच्या अर्थशास्त्रावर त्यांची दृढ निष्ठा. शेताच्या उत्पन्नांतून मशागतीचा सर्व खर्च वजा जातां जी निव्वळ शिल्लक राहील, तिच्यापैकीं शेंकडा ५५ सरकारनें घ्यावे, असा त्यांचा सिद्धान्त होता. कागदावर हा सिद्धान्त निर्दोष होता. परंतु प्रत्येक प्रतीच्या जमिनीस बी किती, बैल किती, मजुरी किती, याचा हिशेब बसवावयाचा कोणीं? तो हाताखालच्या कारकुनांनीं व मोजणीदारांनीं बसविला, आणि त्यांत अज्ञान व लबाडी ह्या दोघींनीं आपापला वाटा उचलला. मोजणी सदोष ठरली, हलक्या जमिनीवर भारी धारा बसला, आणि इंदापुराकडील कित्येक शेतकरी जमिनी टाकून परमुलखांत निघून गेले.

ही मोडलेली गाडी पुन्हा रुळावर आणण्याचें काम १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी इंजिनिअर ह्या दोघां तरुणांकडे आलें. त्यांनीं केलेली गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. प्रिंगलांचें सर्वच काम त्यांनीं केरांत टाकलें नाहीं. त्यांची मोजणी तपासून जी उपयोगी पडली ती ठेविली, आणि निव्वळ उत्पन्नाचें तें अवघड गणित मात्र सोडून दिलें. त्याऐवजीं मातीचा रंग, तिची खोली आणि तिच्यांतील दोष, म्हणजे शेतांत उभें राहून डोळ्यांना दिसेल व हातांना लागेल अशी कसोटी त्यांनीं घेतली. १८४७ च्या संयुक्त अहवालांत ही पद्धति स्थिर झाली, तेव्हां जमिनीच्या नऊ प्रती ठरल्या. उत्तम जमीन सोळा आणे, तर शेवटची दोन आणे. सोळा आण्यांचें हें माप गांवच्या पोराला देखील कळत होतें! धारा तीस वर्षांपुरता कायम करण्यांत आला. १८३६ सालीं इंदापुरांत जें सुरू झालें, तेंच पुढें नगरसुद्धां साऱ्या मुंबई इलाख्यांत पसरलें.

तथापि चांगल्या दप्तरालाही दुसरी बाजू असते. शेताची हद्द, क्षेत्र व धारा निश्चित झाला तशी ती जमीन गहाण टाकण्यास व लिलावांत काढण्यासही सोयीची झाली, असें कित्येक इतिहासकारांचें मत आहे. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुप्यास दंगा उसळला आणि तो नगर जिल्ह्यांतही पसरला. दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षां त्याच्या कर्जरोख्यांवर अधिक होता. ठिकठिकाणीं ते हिसकावून जाळण्यांत आले. निरक्षर माणसास कागदाची किंमत कळत नाहीं, असें म्हणणाऱ्यांनीं हा प्रसंग आठवावा. आपल्याला वाचतां न येणाऱ्या कागदानें आपलें घर बुडतें, हें त्याला पुरतें कळलें होतें.

सरकारी दप्तरांत धारा भरणाऱ्याचें नांव असे. जमिनीवर हक्क कोणाकोणाचा, हें त्यावरून उमगत नसे. ती उणीव १९०३ च्या व १९१३ च्या कायद्यांनीं हक्कनोंदणी सुरू करून भरून काढली. स्वातंत्र्यानंतर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखालीं गांव नमुना सात, म्हणजे अधिकार अभिलेख, आणि नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद, हे एकाच कागदावर नांदूं लागले. हाच आपला सातबारा.

हा उतारा पिढ्यान् पिढ्या हातांनीं लिहिला गेला, आणि प्रत्येक हातानें त्यांत आपली खूण सोडली. नांवाला कंस केला म्हणजे त्या माणसाचा हक्क संपला. नांवाजवळ वर्तुळांत आंकडा असला म्हणजे तो फेरफाराचा क्रमांक. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या तीन अक्षरांच्या आड भाऊबहिणींचें सारें गोत उभें असे. जुने कागद मोडींत. क्षेत्र प्रथम एकर-गुंठ्यांत, पुढें हेक्टर-आरांत. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे, पण तंतोतंत नव्हेत: ३ एकर १७ गुंठे म्हणजे १३७ गुंठे, त्यांचे आर होतात १३८.६. दोन्ही मापें एकच समजून जो आंकडा उतरवून घेईल, तो शेतकऱ्याचे दीड आराहून अधिक रान कागदावरून नाहींसें करील.

हें सारें तलाठ्याच्या अंगवळणीं पडलेलें होतें. लिहून ठेवलेलें फारच थोडें. पाश्चात्त्य देशांतील बँकांचीही आज हीच अडचण आहे. १९५९ सालीं जिची जुळणी सुरू झाली, त्या कोबॉल भाषेंत लिहिलेल्या आज्ञांवर त्यांचे कित्येक हिशेब अद्याप चालतात. पण ती भाषा जाणणारे वृद्ध होऊन निवृत्त होत आहेत. आमचे मोडी वाचणारेही असेच गेले. जुन्या कामांत कोणता नियम कां घातला होता हें सांगणारा उरला नाहीं, म्हणजे नवें काम करणारा तो नियम निरर्थक समजून गाळतो, आणि मग एके दिवशीं त्याचा अर्थ सर्वांना कळतो.

सातबारा संगणकावर चढवितांना असेंच घडण्याची भीति होती, व कांहीं ठिकाणीं तसें घडलेंही. तेव्हां २०१७ सालीं राज्यभर चावडीवाचन झालें. म्हणजे संगणकांतील उतारे गांवकऱ्यांपुढें मोठ्यानें वाचून हस्तलिखिताशीं ताडून पाहण्यांत आले. आमच्या गांवच्या चावडींत मीही त्या दिवशीं बसलों होतों. आमच्या गटाचा उतारा वाचून झाला, आणि मागून एक म्हातारा म्हणाला, “आवं, आत्याबाईचं नांव कुठं गेलं?” आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची चुलत बहीण. जुना उतारा काढला. ‘इतर हक्क’ ह्या रकान्यांत, पानाच्या अगदीं कडेला, बारीक अक्षरांत तिचें नांव होतें. नक्कल करणाऱ्याच्या नजरेंतून तें निसटलें होतें. महसूल संहितेच्या १५५ व्या कलमान्वयें लेखनदोष दुरुस्त होतो, तसा तो झाला. परंतु मी मनांत ओशाळलों. आमच्या घरांत पदवीधर पुष्कळ. तो छापील उतारा आम्हीं सर्वांनीं पाहिला होता, आणि आमच्यापैकीं एकालाही ती उणीव दिसली नव्हती. अक्षरशत्रु अशा आत्याबाईचा हक्क राहिला, तो ऐकणाऱ्या एका म्हाताऱ्यामुळें.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळूं लागला. हेलपाटे वांचले, आणि दप्तर कुलुपांत ठेवणाऱ्याची मिजासही उतरली. हा लाभ थोडा नव्हे, आणि जुन्याच्या मोहानें त्याला नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु विलायतेंतील एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. इंग्लंडांत १०८६ सालीं जमिनींची मोठी मोजदाद होऊन ‘डूम्सडे’ नांवाची वही तयार झाली. तिच्या नवशताब्दीनिमित्त १९८६ सालीं बी. बी. सी. नें देशाची नवी माहिती लेसर तबकड्यांवर भरली. पंधरा-वीस वर्षांतच तीं यंत्रें इतकीं दुर्मिळ झालीं कीं, तबकड्या वाचण्यासाठीं खटपटी कराव्या लागल्या. नऊशें वर्षांची कातड्याची वही मात्र जाणत्याला सहज वाचतां येत होती.

तात्पर्य, आजचें नवें यंत्र हेंही उद्यांचें जुनें दप्तरच होय. प्रिंगल हे विद्वान होते आणि प्रामाणिकही होते. पण शेतकऱ्याला तपासतां येणार नाहीं असें गणित त्यांनीं त्याच्या माथीं मारलें. गोल्डस्मिड-विंगेटांनीं जुनें तपासलें, चांगलें तें ठेविलें, आणि ज्याच्यावर धारा बसवावयाचा त्याला कळेल असें माप हातीं घेतलें. संगणकाची कोणतीही नवी व्यवस्था सुरू करतांना जुनी वही कांहीं काळ शेजारीं उघडी ठेवावी, आणि ज्यांच्या हक्काची ती वही आहे त्यांना ती एकदां मोठ्यानें वाचून दाखवावी. आमच्या आत्याबाई आतां हयात नाहींत. त्यांच्या मुलांचीं नांवें मात्र उताऱ्यावर आहेत. तीं मीं परवांच, ह्या वेळीं स्वतः, एक एक करून वाचून पाहिलीं.