नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी : प्रशासकीय साहाय्य
अमेरिकेतील वॉशिंग्टन येथील नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी ही जगभरातील लोकशाहीवादी संस्थांना अनुदान देणारी, 1983 मध्ये स्थापन झालेली खासगी ना-नफा संस्था असून तिचा बहुतांश निधी अमेरिकी काँग्रेसच्या वार्षिक तरतुदीतून येत असल्याने तिच्या कार्यालयीन कामाला सरकारी पैशाच्या हिशेबाची शिस्त लागू पडते. अनुदानाचे निर्णय संचालक मंडळ घेते. मात्र मंडळाच्या बैठकीपूर्वी प्रस्तावांची छाननी, अंदाजपत्रकातील बेरजांची पडताळणी, सारांश-टिपणे आणि सदस्यांसाठीची कागदपत्रे तयार करण्याचे काम कार्यक्रम-साहाय्यकांकडे, म्हणजे प्रदेशनिहाय विभागांतील कनिष्ठ कर्मचाऱ्यांकडे, असते.

मंजुरीनंतरचे काम अधिक किचकट असते. करारनामा, हप्त्याहप्त्याने रक्कम पाठवणे, कार्यवृत्त व खर्चाचा अहवाल यांचा पाठपुरावा हे सारे ठराविक साच्यातले वाटले, तरी एखाद्या छोट्या वृत्तपत्राने स्थानिक चलनात दिलेल्या छपाईच्या बिलाचा मूळ अंदाजपत्रकातील बाबीशी मेळ घालताना विनिमय दरापासून भाषांतरापर्यंत सगळेच तपासावे लागते. शिवाय 2015 मध्ये रशियाने या संस्थेला ‘अनिष्ट’ ठरवून तिच्याशी संबंध ठेवणे दंडनीय केल्यानंतर तेथील अनुदानग्राहींची नावे गुप्त राखणे हाही दप्तरी कामाचाच भाग झाला. पारदर्शकता आणि गोपनीयता यांतील हा ताण धोरणकर्त्यांपेक्षा फाइल हाताळणाऱ्याला अधिक जाणवतो. संस्थेवरील चर्चा बहुधा परराष्ट्र धोरणाभोवती फिरत असल्याने या कामाची दखल क्वचितच घेतली जाते.