उचलबांगडीपासून व्हॅनकाकांपर्यंत

शाळा कुणी काढली, कधी काढली, देणगी कुणी दिली आणि कोनशिला कुणाच्या शुभहस्ते बसली, हे सगळं इतिहासाच्या पुस्तकात असतं. पण त्या शाळेत पोरं पोचली कशी, म्हणजे पायी, पाठुंगळीला, बैलगाडीतून की बापाच्या स्कूटरवर पुढं उभी राहून, याविषयी इतिहासकार चकार शब्द काढत नाहीत. त्यांना लहानपणी कुणीतरी वेळेवर नेऊन सोडत असावं. मी बी.कॉम. झालेला, बँकेतला कारकून. इतिहास हा काही माझा प्रांत नव्हे. पण आवक-जावक हा आहे. आणि शाळा म्हटली की आवक आधी, विद्या मागाहून.

आपल्याकडची पहिली स्कूल बस चार पोरांची बनलेली होती. पंतोजींच्या शाळेत एखादा विद्यार्थी आला नाही की पंतोजी चिठ्ठी पाठवत नसत, पालकसभा बोलावत नसत. ते वर्गातले चार दांडगे विद्यार्थी पाठवत. गैरहजर इसम माळ्यावर, कणगीमागं किंवा आजीच्या पदराआड असे. तिथून त्याला बाहेर काढायचा, दोघांनी हात धरायचे, दोघांनी पाय, आणि अधांतरी झुलवत भर गल्लीतून शाळेत आणून टाकायचा. आसनक्षमता एक, चाकं आठ, आणि हॉर्नची सोय खुद्द प्रवाशाच्या घशात. यालाच उचलबांगडी म्हणत. आमच्या बँकेत हा शब्द अजून चालू आहे. फक्त पोराऐवजी क्लार्क असतो आणि चौघांचं काम एका ओळीच्या मेमोवर भागतं.

पंतोजी एवढा खटाटोप का करत? विद्येच्या तळमळीनं, असं म्हणायला माझी हरकत नाही. पण हिशेबाच्या माणसाला आणखी एक कारण दिसतं. पंतोजींचं पोट पोरांवर होतं. कुणाच्या घरून शेर-दोन शेर धान्य, कुणाकडून चार पैसे, सणावारी काहीबाही. पोर गळालं की धान्य गळालं. म्हणून वसुलीला माणसं धाडावी तशी पोरं धाडायची. घरपोच सेवेचा शोध हल्लीचा आहे असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पुढं इंग्रजी अमदानीत सरकारी शाळा आल्या, इन्स्पेक्टर आले, परीक्षा आल्या आणि चक्र उलटं फिरलं. शाळा पोराला उचलायला येईनाशी झाली. आता पोरानंच शाळेला शोधत जायचं. किती लांब? धोंडो केशव कर्व्यांना विचारा. हे कर्वे पुढं अण्णासाहेब झाले, महर्षी झाले, भारतरत्न झाले. पण १८७५ साली ते कोकणातल्या मुरूडचे एक किडकिडीत विद्यार्थी होते. सरकारी परीक्षेला बसायचं तर केंद्र साताऱ्याला. मध्ये सह्याद्री. दोस्तांबरोबर ते पायी निघाले. कुंभार्ली घाट चढून, शंभराहून अधिक मैल तुडवून चार दिवसांत साताऱ्याला पोचले. परीक्षेला सतरा वर्षं पुरी लागत. यांची झालेली होती. पण साहेबांनी वर-खाली पाहिलं आणि ‘हा मुलगा सतराचा दिसत नाही’ म्हणून बाहेर काढलं. शंभर मैल चालून आलेला मुलगा मुळात कसा दिसावा अशी साहेबांची अपेक्षा होती, कोण जाणे. पोरगा आला तसा परत गेला आणि दुसऱ्या वर्षी कोल्हापूरला जाऊन पास झाला. आमच्याकडंही ‘सही जुळत नाही’ म्हणून माणसं काउंटरवरून परत जातात, पण घाट उतरून कुणी आल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

कर्व्यांच्या वाटेत आडवा आला तो डोंगर. डोंगराचं बरं असतं, तो सगळ्यांना सारखाच आडवा येतो. माणसांचं तसं नसतं. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई फुले घरातून निघून शाळेत शिकवायला जात. अंतर म्हणाल तर पेठांमधलं, काही फार नव्हे. पण त्या एवढ्याशा रस्त्यावर लोक त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल फेकत. म्हणून सावित्रीबाई सोबत एक जादा लुगडं न्यायच्या. शाळेत पोचलं की खराब झालेलं बदलायचं आणि शिकवायला उभं राहायचं. कर्व्यांच्या शंभर मैलांपेक्षा मला हे अंतर जास्त वाटतं. ते रोज चालायचं होतं.

आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. बाबासाहेबांनी पुढं लिहून ठेवलंय की वर्गात बसायला त्यांना वेगळं गोणपाट लागे. ते शाळेत ठेवायचं नाही, कारण शाळेचा गडी त्याला हात लावणार नाही. रोज घरून न्यायचं, रोज घरी आणायचं. दप्तराच्या ओझ्याविषयी आपल्याकडं समित्या बसतात. दप्तर मुलाच्या वजनाच्या एक दशांशाहून जड नसावं असा नियमही झाला. गोणपाटाचं वजन यात कुठल्या खात्यावर घालायचं ते मला ठरवता येत नाही.

पुढचा मोठा भाग चाकांचा आहे. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ साली विजेची, आणि १९२६ च्या जुलैत पहिली मोटारबस अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. त्यामुळं मुंबईचं पोर फार लवकर प्रवासी झालं. पास, सुटे पैसे, ‘आगे बढो’ हे शब्द त्याला मुळाक्षरांबरोबरच येतात. पुण्याचं पोर सायकलवर वाढलं. बापाची चोवीस इंची सायकल, सीटपर्यंत ढुंगण पोचत नाही, म्हणून दांडीखालून पाय घालून कैची मारत जायचं. सायकल एका अंगाला, पोर दुसऱ्या अंगाला, दप्तर कॅरिअरला. समोरून येणाऱ्याला हे वाहन आहे की अपघात आहे हे ठरवायला वेळ लागे. खेड्यात १९४८ च्या जूनपासून एसटी आली. ती सावकाश सावकाश फाट्यावर पोचली आणि मग कधीतरी गावात. तोवर गावचे पाय होतेच.

मग आला चेतक.

इथं मला जरा थांबलं पाहिजे, कारण आमची पिढी शिकली ती चेतकवर. बजाजनं हा घोडा १९७२ साली आणला. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. माझ्या वडिलांनी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्न ठरायचं होतं. स्कूटर दारात आली तेव्हा मी चालायला लागलो होतो, म्हणजे दोघं एकदमच घरात वावरायला लागलो. चेतकची खरी आसनव्यवस्था कंपनीला कधीच कळली नाही. वडील सीटवर, आई मागं एका बाजूला पाय सोडून, आईच्या मांडीवर धाकटं, आणि थोरला पुढं उभा, हँडलच्या मधोमध. या पुढच्या उमेदवाराला वाऱ्याला तोंड देणं, हॉर्न वाजवणं आणि वडिलांना रस्ता दिसू न देणं अशी तीन कामं असत. सकाळी स्कूटर सुरू झाली नाही की वडील तिला एका अंगावर कलती करीत. पाळण्यातल्या पोराला उताणं करावं तशी ती थोडा वेळ कलायची आणि मग एका किकमध्ये रडायला लागायची. शाळेला उशीर झाल्याचं कारण ‘प्लगमध्ये कचरा’ असं सांगितलं की मास्तर मान डोलवत. त्यांच्याकडंही चेतकच असे.

पण चेतक हे बापाचं वाहन. डाव्या मुठीत गिअर, उजव्या पायाखाली ब्रेक, शिवाय किक. बँकेच्या लॉकरला असतात तितकी कुलुपं. लुना १९७२ सालीच आली होती, पण पोरांची खरी रवानगी बदलली ती १९८४ च्या कायनेटिक होंडानं. गिअर नाही, बटण दाबलं की सुरू. एका बटणानं घराघरातली आई रस्त्यावर उतरली. पोराला सोडायचं, येताना भाजी घ्यायची, वीजबिल भरायचं, आणि तिथून नोकरी असेल तर नोकरीवर. आमच्या शाखेतल्या किती तरी बायकांची नोकरी या बटणावर टिकलेली मी पाहिली आहे. त्या मागं पोर बसवून ज्या पेठांतून जातात, त्याच पेठांतून एक जादा लुगडं घेऊन कुणी चाललं होतं, हे त्यांच्यापैकी कुणाला सिग्नलला आठवत नसणार. आठवायला वेळ कुठाय? सिग्नल तीस सेकंदांचा.

ज्यांच्या घरी ना बापाला वेळ ना आईला, त्यांच्यासाठी रिक्षाकाका होते. रिक्षात तिघं बसतात असं सरकार म्हणतं. रिक्षाकाकांचं गणित वेगळं. ते समोर आडवी फळी टाकत, दप्तरं बाहेर हुकांना लोंबकळत, पाण्याच्या बाटल्या एकमेकींवर आपटत, आणि आतून किती पोरं उतरतील याचा अंदाज रिझर्व्ह बँकेलाही बांधता आला नसता. मग १९८४ ची मारुती व्हॅन आली आणि काकांना बढती मिळाली. व्हॅनकाका झाले. ही गाडी बनायची बंद झाली २०१९ साली, पण पोरांनी तिच्या सीटवर कोरलेली नावं आणि बदाम अजून रस्त्यावर फिरताहेत.

शाळेच्या बसचा रंग पिवळा का, हे मला पोरानं विचारलं होतं. उत्तर अमेरिकेत आहे. तिथं कुठं पोरं गव्हाच्या गाड्यांतून शाळेला जात, तर कुठं देशभक्ती वाढावी म्हणून बसला लाल-पांढरे-निळे पट्टे मारलेले. फ्रँक सायर या शिक्षणतज्ज्ञानं एप्रिल १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात परिषद भरवली. भिंतीवर लिंबू रंगापासून तांबूस नारिंगीपर्यंत कागद लावले आणि मंडळींनी त्यातला पिवळा निवडला, कारण पहाटेच्या अंधूक उजेडात तो लांबून दिसतो आणि त्यावर काळी अक्षरं उठतात. आपल्याकडं १९९७ साली दिल्लीत शाळेची बस यमुनेत पडली, पंचवीसहून अधिक मुलं गेली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयानं शाळेच्या बसला ताशी चाळीस किलोमीटरची मर्यादा घातली, ड्रायव्हरचा अनुभव ठरवून दिला. महाराष्ट्राची स्कूल बस नियमावली २०११ ची. यावर विनोद सुचत नाही, आणि सुचू नये.

आता शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभं राहून पाहा. मोटारी, स्कूटरी, व्हॅन, हॉर्न. प्रत्येक पालकाला विचारलं तर तो सांगतो, ‘काय करणार हो, रस्त्यावर एवढ्या गाड्या, पोराला चालत कसं पाठवायचं?’ आणि ते ज्या गाडीत बसून तो सांगत असतो ती धरूनच त्या ‘एवढ्या गाड्या’ असतात. एकाच रकमेला दोन्ही बाजूंना धरायची ही पद्धत कॉमर्सला आम्हांला शिकवली होती, पण तिच्यानं रहदारी तुंबते हे परीक्षेत नव्हतं.

‘आमच्या वेळी चालत जाण्यात काय मजा होती’ असं म्हणून गहिवरणारे असतात. चिंचा, बोरं, कुत्र्याच्या मागं दगड, दगडाच्या मागं कुत्रा. असेलही. पण ही मजा शाळा अर्ध्या मैलावर असते तोवरच. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि वरची तीन किलोमीटरच्या आत असावी असं त्याचे नियम म्हणतात. २०२३ साली राज्य सरकारनं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करायचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा चौदा हजारांहून जास्त होत्या. कागदावर हा व्यवहार मला समजतो. तोट्यातल्या शाखा बंद करून मोठ्या शाखेत विलीन करायच्या, हे आम्ही रोज करतो. पण शाखा लांब गेली तर खातेदार एटीएमवर जातो. सातवीतली मुलगी कुठं जाणार?

२०२२ च्या जानेवारीत हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढं आला. कुणी अर्ज केला नव्हता, बातमी वाचून न्यायालयानंच दखल घेतली. सातारा जिल्ह्यातल्या खिरखंडीच्या मुली कोयनेच्या जलाशयातून स्वतः होडी वल्हवत पलीकडं जात, मग जंगलातून चालत शाळा गाठत. सातारा पुन्हा आलंच बघा.

मी तीन वर्षं मराठवाड्यात एका तालुक्याच्या गावी होतो. उचलबांगडीच, मेमोवाली. तिथं मानव विकास योजनेची निळी एसटी येते. मागास तालुक्यांतल्या मुलींसाठी ती ठेवलेली आहे, बारावीपर्यंत मुलींना तिकीट नाही. दहाच्या सुमारास ती बँकेसमोर थांबायची, चाळीस-पन्नास वेण्या खाली उतरायच्या आणि शाळेकडं निघायच्या. पावसाळ्यात एकदा पूल वाहून गेला आणि बस आठ दिवस आली नाही. नवव्या दिवशी आली, तर त्यातून उतरल्या एकतीस. मोजायची सवय आहे म्हणून मोजल्या. आमचा शिपाई त्याच वाटेवरच्या गावचा. म्हणाला, ‘साहेब, आठ दिवस घरी राहिली की पाहुणे बघायला येतात.’ पुढचा आठवडाभर शटर उघडायच्या आधी आम्ही दोघं पायरीवर उभे राहायचो. शनिवारी चौतीस झाल्या. दोघी मैत्रिणींनी मिळून तिसरीला हाताला धरून खाली उतरवलं होतं, आणि ती काही फार खुशीत दिसत नव्हती.