गाणं कुणाचं, हे कुठल्या कॉलममध्ये लिहायचं?

मंडळी, लाँग वीकएंड आला की आपली आय.टी. जनता महाबळेश्वरला पळते. स्ट्रॉबेरी क्रीम खायचं, क्षेत्र महाबळेश्वरला जाऊन कृष्णेचा उगम बघायचा आणि घाटातल्या ट्रॅफिकला शिव्या देत परत यायचं. कधीतरी तीच कृष्णा धरून वाई, कऱ्हाड करत खाली सांगलीपर्यंत जावं. सांगलीला खेटूनच मिरज आहे. आजचा विषय आहे इंटरनेटवरची गाण्याची दुकानं, पण त्याची गोष्ट सांगायला मिरजेइतकी सोयीची जागा नाही.

मिरजेत सतार आणि तंबोरे बनतात, आणि हा धंदा तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. २०२४ साली या दोन्ही वाद्यांना जी.आय. मानांकनही मिळालं. इथेच किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना ते वारले, पण दफन मिरजेला, मीरासाहेबांच्या दर्ग्यापाशी झालं. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ अजूनही गाणं होतं. गायक येतात, हजेरी लावतात, ऐकणारे ऐकतात. याला आपण आज ‘कम्युनिटी’ म्हणतो. तिथे कुणी त्याला असं काही म्हणत नाही, एवढंच.

करीम खाँची आपल्याकडे उरलेली ठेव म्हणजे त्यांच्या रेकॉर्ड्स. काही विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या, आणि जास्त गाजलेल्या १९३०च्या दशकातल्या, ओडियन कंपनीच्या. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. त्यांची झिंझोटीतली ठुमरी लहानपणी रेकॉर्डवर ऐकली आणि असं गाता आलं पाहिजे हे डोक्यात बसलं, असं भीमसेन जोशी नेहमी सांगायचे. भीमसेनांचे गुरू सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्व करीम खाँचे शिष्य. त्याच सवाई गंधर्वांच्या नावाने १९५३ पासून पुण्यात महोत्सव होतोय. म्हणजे रेकॉर्डवर ऐकलेलं गाणं फिरून परत त्याच परंपरेत आलं.

हे कसं जमलं? ते गाणं कुणाचं आहे आणि असं गाणं शिकायचं तर कुणाकडे जायचं, हे सांगणारी माणसं आजूबाजूला होती म्हणून. नुसता आवाज पोचून हे झालं नसतं. माझ्या मते चार लोक ऐकतात त्या संगीताचं सगळं गणित इथेच आहे. अशा संगीताला दुकान लागतंच, पण दुकानाइतकंच त्या आवाजाबद्दल नीट लिहून ठेवणारं कुणीतरी लागतं.

आता थोडा इतिहास. १९०२च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि भारतातली पहिली मोठी ध्वनिमुद्रणं झाली. त्यात गौहर जान होती. त्या काळच्या रेकॉर्ड्सवर गाणं संपता संपता गायिका स्वतःचं नाव सांगते. गौहर जान तर चक्क इंग्रजीत सांगते. आपल्याला वाटतं, काय हा तोरा! पण ते कामाचं होतं. मूळ मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात जायची आणि रेकॉर्ड तिथे छापल्या जायच्या. तिथल्या कामगाराला हा आवाज कुणाचा ते कसं कळणार? म्हणून नाव आवाजातच. भारतीय संगीतातला हा पहिला मेटाडेटा म्हणायला हरकत नाही. लेबल फाटलं, उडालं, तरी नाव शाबूत.

आता आपल्या धंद्यातला नमुना बघा. १९९६ साली एमपी३ फाइलला माहिती चिकटवण्यासाठी आयडी३ टॅग आला. फाइलच्या शेवटी १२८ बाइट्स. त्यात गाण्याला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, सालाला ४, शेऱ्याला ३० आणि संगीतप्रकाराला १ बाइट. (उरलेल्या ३ बाइट्समध्ये ‘टॅग’ ही इंग्रजी अक्षरं.) देवनागरीची अर्थातच सोय नाही. संगीतप्रकारांची मूळ यादी ८० नावांची. त्यात पोल्काला स्वतंत्र नंबर आहे, हार्ड रॉकला आहे. ख्याल, ठुमरी, नाट्यसंगीत यांना नाही. आपलं काय असेल ते ‘क्लासिकल’मध्ये टाका, नाहीतर ‘एथनिक’मध्ये!

कुणाचा दुष्टपणा नव्हता हो यात. ज्याने बनवलं त्याने स्वतःच्या घरातल्या सीडी समोर ठेवून बनवलं. पण पुढे प्लेअर, फोन, दुकानं, सगळ्यांनी साधारण तोच साचा उचलला: गाणं, कलाकार, अल्बम. राग कुठे लिहायचा? ताल? तबल्यावर कोण, पेटीवर कोण? आणि गुरू कोण?

गुरूचा कॉलम म्हणजे हौस नव्हे. करीम खाँच्या मुलांचंच उदाहरण घ्या. हिराबाई बडोदेकर (जन्म मिरज, १९०५), सुरेशबाबू माने, सरस्वती राणे. तीन भावंडं, तीन आडनावं, आणि एकाच्याही नावात वडिलांचं नाव नाही. कुठल्या सर्चला कळणार की हे चौघे एकाच घरचे? जाणकाराला मात्र आवाज लावायची पद्धत ऐकून कळतं. ज्याला नुकतीच गोडी लागलीये त्याला कुणीतरी सांगायला लागतं, की हे आवडलं ना, मग आता लेकीचं ऐक, मग शिष्याचं ऐक. डेटाबेसच्या भाषेत सांगायचं तर हे टेबल नाही, ग्राफ आहे. आणि आपण शंभर वर्षं ते टेबलात कोंबतोय.

बरं, हा ग्राफ लिहून कुणी ठेवला? कंपन्यांनी नाही. १९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था सुरू झाली. सुरेश चांदवणकर हे पेशाने भौतिकशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं तिचं काम बघत आले. ‘द रेकॉर्ड न्यूज’ नावाचं नियतकालिक निघालं, त्यात कुठल्या रेकॉर्डचा नंबर काय, गायलंय कोण, याची तपशीलवार चर्चा. तिकडे ऑस्ट्रेलियात मायकेल किनिअर हा गृहस्थ आयुष्यभर भारतीय रेकॉर्ड्सच्या याद्या करत बसला. ग्रामोफोन कंपनीच्या पहिल्या भारतीय ध्वनिमुद्रणांवरचं त्याचं पुस्तक १९९४ साली मुंबईत पॉप्युलरने काढलं, आणि २००३ मध्ये आलं करीम खाँवरचं पुस्तक, चरित्र आणि रेकॉर्ड्सची सूची एकत्र. मिरजेच्या गायकाची नोंदवही ऑस्ट्रेलियात तयार झाली!

२००३ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी २८ एप्रिलला ॲपलने अमेरिकेत आयट्यून्सचं दुकान उघडलं. ९९ सेंटला एक गाणं. त्याच वर्षी आपल्याकडे गायिका शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी ‘अंडरस्कोअर रेकॉर्ड्स’ काढलं. मोठ्या कंपन्या ज्याला हात लावत नाहीत असं संगीत, कलाकारांनी स्वतः काढलेलं किंवा छोट्या प्रकाशकांचं, इंटरनेटवरून विकायचं. अर्धं भारतीय मध्यमवर्ग तेव्हा सायबर कॅफेत बसून मेल चेक करत होता, आणि क्रेडिट कार्डाचा नंबर इंटरनेटवर द्यायचा म्हणजे लोकांच्या पोटात गोळा यायचा. तेव्हाची ही उडी आहे.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की दुकान काढणाऱ्यांपैकी एकजण तबलजी होता. साथीदाराचं नाव गाळलं तर काय वाटतं, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आणि हे लोक नुसतं दुकान मांडून बसले नाहीत. २००९ साली त्यांनी पुण्यात ‘बाजा गाजा’ हा महोत्सव केला. वेगवेगळ्या तऱ्हेचं भारतीय संगीत, आणि ते बनवणारे, विकणारे, ऐकणारे एका आवारात. गिऱ्हाईक आधी रसिक व्हावं लागतं, मग तो विकत घेतो, हे त्यांना कळलेलं होतं.

याच्या उलट उदाहरण मोठ्या भांडवलाचं. फ्लिपकार्टने फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘फ्लाइट’ हे गाणी विकणारं दुकान उघडलं. रीतसर एमपी३, किंमत अगदी किरकोळ. जून २०१३ मध्ये बंद! फुकट मिळणारी गाणी आणि पाच-दहा रुपयांचं पेमेंट घेण्यातली कटकट ही कारणं सांगितली गेली, आणि ती खरीच होती. पण सगळं सगळ्यांना विकणाऱ्या दुकानात कुणी ‘आपलं दुकान’ म्हणून जात नाही, हेही खरंच. ते बंद झाल्याचं दुःख कुणी फार दिवस केलं नाही.

आता स्ट्रीमिंगचा जमाना. करीम खाँ खिशात आलेत, आणि फुकट म्हणावं इतक्या स्वस्तात. याबद्दल मी तरी तक्रार करणार नाही. पण अशी जुनी रेकॉर्डिंग्ज शोधून बघा. कलाकाराच्या जागी फक्त ‘व्हेरियस आर्टिस्ट्स’, साल म्हणून सीडी निघाल्याचं साल, आणि तबलजी गायब. गौहर जानने स्वतःच्या तोंडाने नाव सांगितलं म्हणून ती वाचली. बाकीच्यांचं काय?

यात आणखी एक धोका आहे आणि तो आपल्या धंद्यातल्या लोकांनी बघितलेला आहे. सीडी कॉम्प्युटरमध्ये टाकली की गाण्यांची नावं आपोआप यायची, आठवतंय? ती नावं जगभरच्या लोकांनी हौसेने टाइप केलेली होती, सीडीडीबी नावाच्या डेटाबेसमध्ये. पुढे तो विकला गेला, त्याची ग्रेसनोट कंपनी झाली, आणि २००८ मध्ये सोनीने ती २६ कोटी डॉलर्सला घेतली. टाइप करणाऱ्यांना एक छदाम नाही. म्युझिकब्रेन्झसारखा खुला डेटाबेस उभा राहिला तो याच रागातून. कम्युनिटीने लिहायचं खरं, पण वही कुणाच्या कपाटात राहणार, हे आधी ठरवून घ्यावं.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच. तुमच्या घरी काका-आजोबांच्या कॅसेटी असतील, कुठल्याशा गणेशोत्सवातल्या, कुठल्याशा घरगुती बैठकीतल्या. त्या डिजिटल करून ठेवतो म्हणून सगळेच म्हणतात, आणि काही जण करतातही. पण त्याआधी कॅसेटच्या पुठ्ठ्यावरचं बॉलपेनने लिहिलेलं वाचा, आणि ज्यांना आठवतं ते आहेत तोवर विचारून घ्या: राग कुठला, गाव कुठलं, साल कुठलं, तबल्यावर कोण होतं. मग ते म्युझिकब्रेन्झवर टाका, नाहीतर साध्या एक्सेलमध्ये ठेवा, काही बिघडत नाही. आवाज साफ करणारं सॉफ्टवेअर दर वर्षी नवं येतं. पण तबल्यावर कोण होतं हे ते सांगू शकत नाही.