खिशातील यंत्र आणि कचेरीतील यंत्र

ॲपल कंपनीने ऑक्टोबर २००१ मध्ये आयपॉड जगापुढे मांडला, तो खिशात हजार गाणी मावतील असे सांगून. श्रोतेहो, ही सुखाची विक्री होती. पुढच्याच मे महिन्यात तिने कचेऱ्यांसाठी एक्ससर्व्ह हा सर्व्हर काढला. येथील गिऱ्हाईक निराळे. चार वर्षांनी हेच यंत्र, त्याचे सुटे भाग मिळतील काय, ही त्याची विवंचना. कंपनीची रीत मात्र उद्याचा माल आज न सांगण्याची. ज्या मौनाने हौशी ग्राहकाची उत्कंठा वाढे, त्यानेच कचेरीवाल्याचा विश्वास डळमळे. नोव्हेंबर २०१० मध्ये घोषणा झाली: ३१ जानेवारी २०११ नंतर एक्ससर्व्ह मिळणार नाही, मॅक प्रो किंवा चिमुकला मॅक मिनी वापरावा. ज्यांनी त्यावर कारभार उभारला, त्यांना उणीपुरी तीन महिन्यांची मुदत!