चौकाखालचं पाणी

मागच्या हिवाळ्यात आमच्या बचत गटाच्या आम्ही अकरा जणी अहमदाबादला गेलो होतो. १९७४ साली चार हजार कष्टकरी बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून तिथे ‘सेवा’ बँक उभी केली. तिचं काम आम्हाला बघायचं होतं. मुक्काम होता जुन्या शहरातल्या एका हवेलीत. तिचं आता सहा खोल्यांचं छोटं हॉटेल केलंय.

हे शहर अहमदशहाने १४११ साली साबरमतीच्या काठी वसवलं. १७५३ मध्ये ते मराठ्यांनी घेतलं. पुढे, मधली थोडी वर्षं सोडली तर, इंग्रज येईपर्यंत पेशवे आणि गायकवाड यांचा तिथे अंमल होता. २०१७ साली जागतिक वारसा यादीत गेलेलं हे भारतातलं पहिलं शहर.

जुन्या शहरातल्या वस्तीला ‘पोळ’ म्हणतात. आपल्याकडची आळीच ती, पण तिला वेशीसारखा दरवाजा असतो. आत अरुंद बोळ, खांबावर पाखरांना दाणे टाकायचा चबुतरा, आणि भिंतीला भिंत लावून उभी लाकडी नक्षीची घरं. घराच्या मधोमध उघडा चौक.

पहिल्या सकाळी सवयीने आम्ही चादरींच्या घड्या घातल्या आणि खोली झाडायला केरसुणी शोधू लागलो. तिथे काम करणाऱ्या ताई हसल्या. म्हणाल्या, “राहू द्या बेन, त्याचाच मला पगार मिळतो.” मग त्यांनीच आम्हाला चौकात नेलं आणि फरशीतलं एक झाकण उचललं. खाली काळोख आणि गार हवा. ते होतं घराचं टाकं.

गच्चीवर पडलेला पाऊस नळीतून थेट या टाक्यात उतरायचा. पहिल्या पावसाचं पाणी आत घेत नसत. त्याने गच्ची धुऊन निघाली की मग टाक्याची वाट मोकळी करायची. आतून चुन्याचा गिलावा, वर झाकण. ऊन लागत नाही म्हणून शेवाळ धरत नाही. नीट राखलं तर हेच पाणी वर्षभर प्यायला पुरायचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरात नळ आले, तशी हळूहळू बरीच टाकी वापरातून गेली.

आम्ही सगळ्या गप्प झालो. आमच्या गावात होळी झाली की टँकर येतो. हंड्यांच्या रांगेत आमच्या बायकांची मजुरी बुडते, मुलींची शाळा बुडते. आणि गटातल्याच एका मावशींच्या पडक्या वाड्यात जुना आड आहे. नळ आल्यावर आम्हीच त्यात केरकचरा टाकून तो बुजवला. वेळ पडली तर त्याचं पाणी लागेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

नक्षीचे खांब पाहून आपण म्हणतो, केवढा इतिहास! पण खांब बघायला असतात, टाक्यावर घर जगायचं. पावसाआधी गच्ची झाडायची, पाणी कोणत्या सरीपासून घ्यायचं ते ठरवायचं, ते सांडू नये म्हणून जपायचं, असली घरातली कामं कुणाच्या वाट्याला येत असतील, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

परत आल्यावर आम्ही गटाच्या बैठकीत आडाचा विषय घेतला. मावशी म्हणाल्या, “उपसा, पण मला वाडा विकायला सांगू नका.” गेल्या महिन्यात आम्ही गाळ काढायला सुरुवात केली. आठ हात उतरलोय, पाणी अजून लागलेलं नाही. काम चालू आहे.

तुमच्या घराच्या अंगणाखाली काय आहे, ते एकदा सासूबाईंना विचारा.