नबीज : एका रात्रीचं पेय आणि दीडशे वर्षांचा वाद

सफरचंदाचा ताजा रस बरणीत झाकून ठेवला की दोन-तीन दिवसांत त्याला बुडबुडे येऊ लागतात. यीस्ट बाहेरून घालावं लागत नाही, ते सालीवरच असतं. ते साखर खातं आणि तिचा वायू व अल्कोहोल करतं. घरगुती ‘सायडर’ करणारे रस थोडा आंबला, पण गोडी शिल्लक आहे, अशा वेळी बरणी फ्रीजमध्ये ठेवतात. थंडीने ही क्रिया मंदावते, थांबत मात्र नाही. मग मुस्लीम घरात प्रश्न येतो : हे पेय हलाल कुठवर आणि हराम कुठून?

प्रश्न नवा नाही. सातव्या शतकातल्या मदिनेत तो खजुराच्या पाण्यावरून विचारला गेला. खजूर किंवा मनुका पाण्यात भिजवून केलेलं गोड पेय म्हणजे नबीज. खाऱ्या, मचूळ पाण्याच्या प्रदेशात ते घरोघरी होत असे. मक्केत हाजींनाही ते पाजलं जाई. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः नबीज घेत. ‘सहीह मुस्लिम’मध्ये हजरत आयशा (र.) यांची माहिती येते : सकाळी भिजवलेलं रात्री प्यायचं, रात्री भिजवलेलं सकाळी. हजरत इब्ने अब्बास (र.) यांच्या कथनात जास्तीत जास्त मर्यादा तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळची आहे. त्यानंतर उरलेलं ओतून टाकलं जाई.

मोजायला यंत्र नव्हतं, तेव्हा घड्याळ हेच यंत्र झालं. दुसरं यंत्र होतं भांडं. पूर्व अरबस्तानातून आलेल्या अब्दुल कैस टोळीच्या शिष्टमंडळाला चार भांड्यांत नबीज करायला मनाई झाली : वाळवलेला भोपळा, रोगण दिलेला रांजण, कोरलेलं खजुराचं खोड आणि डांबर फासलेलं भांडं. चामड्याच्या पखालीला मात्र परवानगी होती. भाष्यकारांनी दिलेलं कारण व्यवहारी आहे. पेय आंबलं की पखाल फुगते, प्रसंगी फाटते, म्हणजे माणसाला कळतं. बंद रांजणात ते कळत नाही. पुढे लोकांना ही बाब अंगवळणी पडल्यावर भांड्यांची बंदी उठली. नशा आणणाऱ्या पेयाची बंदी कायम राहिली.

खरा वाद नंतर इराकात पेटला. कूफ्यात नबीज पिण्याची जुनी रीत होती. इमाम अबू हनीफा (मृत्यू 767) यांच्या मते कुरआनातली ‘खम्र’ म्हणजे द्राक्षांच्या कच्च्या रसाची दारू. खजूर वगैरेंचं नबीज नशा येणार नाही इतकं घेतलं तर चालेल; नशा मात्र कशाचीही हरामच. इमाम मालिक आणि इमाम शाफई यांना हे मान्य नव्हतं. जे जास्त घेतल्यावर नशा आणतं, त्याचा थेंबही नको, अशी त्यांची भूमिका. अबू हनीफांचेच शिष्य इमाम मुहम्मद शैबानी (मृत्यू 805) यांनी याच बाजूने मत दिलं आणि पुढे हनफी फतवा त्यांच्याच मतावर स्थिरावला. नवव्या शतकात इब्ने कुतैबा (मृत्यू 889) यांना या वादावर ‘किताबुल अशरिबा’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहावासा वाटला.

महाराष्ट्रात कोकणी मुसलमान शाफई, तर देशावरचे बहुतेक हनफी. म्हणजे कूफा आणि मदिनेच्या या वादाचे दोन्ही वारस आपल्याकडे शेजारी राहतात. निष्कर्ष आता एकच असला, तरी तिथवर पोहोचलेल्या वाटा वेगळ्या होत्या. शिष्याने गुरूला विरोध केला, तरी त्याला कुणी मजहबबाहेर काढलं नाही, हे आज वाद घालताना आपण विसरतो.

आणि मदिनेचं ते घड्याळ आपल्याला अनोळखी नाही. शिंदीची नीरा पहाटे प्यायची, ऊन चढलं की तिची ताडी होते, हे गावातलं पोरही सांगतं. आंबणं अजून पुढे गेलं, हवा लागत राहिली, तर अल्कोहोलचा सिरका होतो, आणि सिरक्याची तर प्रेषितांनी (स.) कालवण म्हणून तारीफ केली आहे. एकाच फळाचा रस आधी हलाल, मग हराम, मग पुन्हा हलाल होऊ शकतो. फळ तेच राहतं. बदलतो तो वेळ. म्हणून बरणीवर नुसतं नाव लिहून भागत नाही, तारीखही लिहावी लागते.