‘म्हणजे’ आणि ‘जाणिजे’ : बोलण्यातील पालुपदांचा इतिहास

१/ ‘म्हणजे’, ‘तर’, ‘मग’, ‘असो’. वाक्यावाक्याला येणारे हे शब्द ऐकले की वडीलधारी माणसे टोकतात आणि वक्तृत्वस्पर्धेचे परीक्षक गुण कापतात. या शब्दांना पालुपद म्हणतात. मूळ अर्थ, गीतात पुन्हापुन्हा येणारे ध्रुवपद. परंतु ही पालुपदे खरोखर निरर्थक आहेत काय? उत्तर शोधण्यासाठी जुन्या दप्तरांत डोकवावे लागते.

२/ प्रथम ‘म्हणजे’. संस्कृतातील ‘भण्यते’, प्राकृतातील ‘भणिज्जइ’ आणि जुन्या मराठीतील ‘म्हणिजे’ असा या शब्दाचा प्रवास आहे. अर्थ : ‘म्हटले जाते’. यादवकाळात मराठीला कर्मणी अर्थ एकाच शब्दात सांगता येत असे. ‘कीजे’ म्हणजे केले जाते, ‘बोलिजे’ म्हणजे बोलले जाते. इ.स. १२९० च्या ज्ञानेश्वरीत अशी रूपे विपुल आहेत.

३/ पुढे ही रूपरचना लोपली आणि ‘केले जाते’ अशी जोडरूपे रूढ झाली. जुन्या रचनेचे मोजकेच अवशेष रोजच्या बोलण्यात टिकले. त्यांपैकी एक ‘म्हणजे’, दुसरा ‘पाहिजे’. अडखळताना तोंडी येणारा शब्द हा सातशे वर्षांहून जुन्या व्याकरणाचा जिवंत जीवाश्म आहे.

४/ याच कुळातील तिसरा शब्द मोडी पत्रांत भेटतो : ‘जाणिजे’. शिवकाल आणि पेशवाईतील असंख्य आज्ञापत्रे या शब्दाने संपतात. त्याच्यापाठोपाठ बहुधा ‘छ’ हे अक्षर आणि तिथी येते. ‘छ’ हा हिजरी महिन्यातील चंद्राचा निर्देश होय.

५/ पत्राचा आरंभही ठरलेला असे. वरिष्ठास लिहिताना ‘विज्ञापना ऐसीजे’. बरोबरीच्यास ‘विनंती उपरी येथील कुशल जाणोन स्वकीय कुशल लिहीत जाणे’. त्यानंतर ‘विशेष’ हा शब्द आला की वाचणाऱ्याने सावध व्हावे, कारण खरा मजकूर तेथून सुरू होई. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. कोणास कोणता मायना लिहावा, हे शिकविणाऱ्या ‘मेस्तक’ नावाच्या पुस्तिका होत्या. परंपरा त्यांचे श्रेय यादवांचा मंत्री हेमाद्री यास देते.

६/ ही केवळ औपचारिकता होती काय? मोडी लिपी पाहिली की उलगडा होतो. ओळीवर सलग धावणाऱ्या या लिपीत शब्दांमध्ये अंतर सोडण्याची रीत नव्हती. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, परिच्छेदही नाही. अशा मजकुरात ‘ऐसीजे’, ‘विशेष’, ‘तरी’, ‘जाणिजे’ हे शब्दच विरामचिन्हांचे काम करीत. मुद्दा कोठे सुरू झाला, कोठे वळला, कोठे संपला, हे त्यांवरून कळे.

७/ समाप्तीला आणखी एक महत्त्व होते. पत्राच्या शेवटी कोणी दोन ओळी घुसडल्या तर एखाद्याचे वतन जाऊ शकत होते. म्हणून शेवटच्या शब्दांनंतर समाप्तीची लहान मुद्रा उमटत असे. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर ती ‘मर्यादेयं विराजते’ अशी, तर पेशव्यांच्या पत्रांवर ‘लेखनसीमा’ अशी दिसते. हीच ‘मोर्तब’. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तेथूनच आला.

८/ एकोणिसाव्या शतकात छापखाने आले. मोल्सवर्थच्या कोशकार्यातील सहकारी मेजर थॉमस कँडी यांनी इंग्रजी विरामचिन्हे मराठीत रुजविण्याचा पुढाकार घेतला. कागदावर टिंब आले आणि ‘जाणिजे’चे काम संपले. तो शब्द दप्तरात राहिला.

९/ बोलण्यात मात्र टिंब उमटत नाही. म्हणून तेथे जुनी व्यवस्था अजून चालू आहे. ‘मग’ घटनांचा क्रम लावते, ‘तर’ सुटलेला धागा पुन्हा हाती देते, ‘असो’ विषयावर पडदा टाकते आणि ‘म्हणजे’ आता खुलासा येत आहे अशी वर्दी देते.

१०/ अतिरेक झाला की कंटाळा येतो, हे खरेच. ‘विनंती उपरी’ वाचून पेशवाईतील कारकूनही कंटाळला असेल. पण इतिहासाच्या अभ्यासकाने अशा शब्दांवरून घाईने नजर फिरवू नये. कागद कोणी कोणास लिहिला, त्यांचे नाते कोणते, मजकूर कोठे संपला आणि कागद अस्सल की बनावट, याची पहिली साक्ष अनेकदा याच ‘निरर्थक’ शब्दांतून मिळते.